जुन्या फोल्डिंग कॅम्परचा फ्लोअर कुजलाय, बिजागऱ्या आणि स्क्रू सगळे ढिले, सोलापुरात नीट दुरुस्ती कशी करून घ्यायची?

भटका_सोलापूर:

नमस्कार मंडळी. पोस्ट जरा मोठी आहे, पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे उत्तर देणाऱ्याला बरं पडेल.

माझ्याकडे जुना फोल्डिंग कॅम्पर आहे. गाडीच्या मागं लावायचा ट्रेलर, बंद केला की छातीएवढी पेटी आणि हँडल फिरवलं की छत वर जातं, दोन्ही बाजूंनी पलंगाच्या फळ्या बाहेर सरकतात आणि मधे कॅनव्हासच्या भिंती. आधीच्या मालकांनी पुण्याकडे कुणाकडून तरी बाहेरचं डिझाइन बघून बनवून घेतला होता. खाली लोखंडी चॅनेलची चासी, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वर फायबरचं छत आणि आत सगळं प्लाय. हिप्परग्याला पक्षी बघायला, नळदुर्गला, भिगवणला असं आम्ही सगळे यातच जातो. आई-बाबांना लॉजपेक्षा यात चांगली झोप लागते, त्यामुळं हा मोडीत काढायचा विचार डोक्यातपण नाही.

यंदाच्या पावसाळ्यात तो होटगीच्या पुढं शेतावर पत्र्याच्या शेडखाली उभा होता, शेड एका अंगानं उघडी आहे आणि सप्टेंबरात पाऊस किती झाला ते आपण सगळ्यांनी बघितलंय. दिवाळीनंतर उघडला तर आत नुसता कुबट वास. मागच्या डाव्या कोपऱ्यात फ्लोअरचा प्लाय फुगून वर आलाय, अंगठ्यानं दाबलं तर दबतोय, स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर जोर न लावता आत गेलं आणि प्लायचे थर पोळीच्या पदरासारखे सुटायलेत. ही जागा साधारण दीड फूट बाय एक फूट असेल. त्या कोपऱ्याला लागूनच पलंगाच्या फळीची लांब बिजागरी आहे, तिचे अर्धे स्क्रू बोटानं फिरायलेत, घट्ट केले की नुसते फिरत राहतात, बसतच नाहीत. किचनच्या पेटीची खालची बिजागरीपण तशीच. मागच्या डाव्या जॅकचा ब्रॅकेट हलतोय. दाराचा कोयंडा निघून हातात आला.

सुताराला दाखवलं, तो म्हणाला वरून ६ एमएमचा प्लाय मारून टाकू, एका दिवसाचं काम. फॅब्रिकेशनवाला म्हणतोय लाकडाची भानगडच नको, २ एमएमचा लोखंडी पत्रा टाका आणि आयुष्यभर विसरून जा. दोघंही माणसं चांगली आहेत पण कॅम्पर कुणीच कधी केलेला नाही. मला दोन्ही पटेना. लाकूड खरंच सगळं काढावं लागतं का, का काहीतरी भरून चालतं? ढिल्या स्क्रूंना लांब स्क्रू मारले तर? आणि आधीच्या मालकांनी जिथं तिथं पांढरं सिलिकॉन फासून ठेवलंय, ते चांगलं का वाईट? जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाली की हंपीला जायचं ठरलंय, तोपर्यंत व्हायला पाहिजे.


सुतारकीचा_नाद:

दादा, पहिल्यांदा एक सांगतो, कुठलंही लाकूड कापायच्या आधी पाणी कुठून आलं ते शोधा. हे सोडून बाकी सगळं लोक करतात आणि पुढच्या पावसाळ्यात परत तिथंच कुजतं. कोपऱ्यात पाणी साचलंय म्हणजे ते कोपऱ्यातूनच आलं असं नसतं, ते वर कुठंतरी शिरतं आणि पत्र्याच्या आतल्या अंगानं वाहत खाली येऊन बसतं.

शोधायची पद्धत साधी आहे. कॅम्पर बंद ठेवायचा, मागचं किचनकडचं झाकण तेवढं उघडं ठेवून एक माणूस टॉर्च घेऊन आत बघत बसेल असं करायचं. कोपऱ्यातल्या उभ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला आणि फ्लोअरवर रांगोळी भुरभुरायची, कोरडी, एकदम पातळ थर. मग बाहेरून बागेचा पाइप घ्यायचा, जोरात फवारा नाही, नुसतं पाणी वाहतं ठेवायचं, आणि खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. एकेका जागी दहा मिनिटं तरी थांबायचं. खालून वर एवढ्यासाठी की वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडं एकदम जातं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. रांगोळीवर ओलीचा माग स्पष्ट दिसतो.

आता लाकडाचं. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला जगायला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. त्याच्या खाली ओल गेली की ती वाढायची थांबते. म्हणून वाळवणं हेच अर्धं औषध आहे. या बाबतीत आपलं सोलापूर नशीबवान, दिवाळीनंतर हवा अशी कोरडी होते की कोकणातल्या माणसाला जे दोन महिन्यांत जमणार नाही ते आपल्याकडं लवकर होतं. फक्त कडक उन्हात उघडं टाकू नका, वरचा थर आधी वाळून आकसतो आणि बाक येतो. सावलीत, वारं लागेल असं, खाली फॅन लावून. कुजलेला भाग कापलात की त्याच्या शेजारचा चांगल्या लाकडाचा छोटा तुकडापण कापून घ्या आणि तो कॅम्परमधेच ठेवा, रोज घरच्या वजनकाट्यावर तोलायचा. वजन उतरायचं थांबलं की समजायचं वाळलं. ओलीचं मीटर ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळतं, मन मानत नसेल तर घ्या.

वरून ६ एमएम मारायचं अजिबात करू नका. खालचं कुजकं तसंच राहतं, ओल दोन थरांच्या मधे कोंडते, आणि नवीन प्लायचे स्क्रू जाऊन बसणार कशात? त्याच कुजक्यात. सहा महिने छान दिसेल एवढंच.

कापताना कुजलेलं जिथं संपतंय असं वाटतं तिथून पुढं तीन-चार इंच चांगलं लाकूड जाईपर्यंत कापा. टोकदार टोच्यानं सगळीकडं टोचत जायचं, चांगल्या लाकडात टोचा रुततो आणि ओढला तर तंतू लांब निघतात, कुजलेल्यात कचकन आडवा तुकडा पडतो. हा फरक हाताला लगेच कळतो. कापायच्या रेषा सरळ आणि काटकोनात ठेवा, वेडावाकडा तुकडा काढला तर नवीन बसवताना सुतार वैतागतो आणि फट राहते. जमलं तर रेषा चासीच्या आडव्या पट्टीवर येऊ द्या, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही प्लायच्या कडा लोखंडावर टेकतात.

प्लाय घेताना दुकानदार वॉटरप्रूफ म्हणाला की विश्वास ठेवू नका, शिक्का बघा. एमआर म्हणजे घरातल्या कपाटाचा, तो ओलीसाठी नाही. बीडब्ल्यूआर त्यापेक्षा बरा. तुम्ही मरीनच घ्या, त्यावर आयएस ७१० लिहिलेलं असतं, त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. तुमचा जुना फ्लोअर बहुतेक एमआर असणार, थर असे सुटतात म्हणजे गोंदच विरघळलाय. पण मरीन म्हणजे लाकूड कुजतच नाही असं नाही हां. गोंद टिकतो, लाकूड ते लाकूडच. त्यामुळं कडा. कडा फार महत्त्वाच्या. प्लाय पाणी पितो तो कडेनं, तोंडावरून नाही. बसवायच्या आधी सहाही बाजूंना पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) किंवा चांगला प्रायमर, कडांना तीन हात, आणि नंतर जेवढी भोकं पाडाल त्या प्रत्येक भोकाच्या आतपण ब्रशनं.

भरून चालतं का विचारलंत. फ्लोअरला नाही, त्यावर माणूस उभा राहणार आहे. पण बिजागरीजवळ लाकूड थोडंसं मऊ झालंय, अर्धा-पाऊण इंच, तिथं चालतं. सगळं मऊ पटाशीनं खरवडून काढायचं, पूर्ण वाळल्यावर पातळ इपॉक्सी पाजायचं, ते शोषून घेतलं की इपॉक्सीत बारीक लाकडाचा भुसा कालवून घट्ट करून भरायचं. फायबरच्या कामाचं स्वस्त पॉलिस्टर रेझिन घेऊ नका, ते लाकडाला तेवढं धरत नाही. आणि उन्हात उघडं इपॉक्सी पिवळं पडून भुसभुशीत होतं, वरून रंग पाहिजेच.


चिंचोळी_बॉडीबिल्डर:

मालक, सुतारकीवाल्या काकांनी लाकडाचं बरोबर सांगितलंय, मी नटबोल्टचं बोलतो, आपला टेम्पो-बसच्या बॉडीचा धंदा आहे.

आधी लोखंडी पत्र्याचं. हिशोब करून बगा, ८ बाय ४ चा २ एमएमचा पत्रा ४६-४७ किलो भरतो. कॅम्परच्या आख्ख्या फ्लोअरला दीड-दोन पत्रे लागतील म्हणजे ७०-९० किलो वजन तुमी फुकट वाढवायलाय, तेपण खाली कुजका प्लाय तसाच ठेवून. आणि रात्री गार पडलं की पत्र्याच्या खालच्या अंगाला दव धरतं, ते जाणार कुठं, प्लायमधेच. बसला आमी असं करत नाही. ज्यानं सांगितलं त्यानं मजबुतीचा विचार करून सांगितलं असंल, पण ते ट्रॉलीला ठीक हाय, कॅम्परला नाही.

लांब स्क्रू मारायचं म्हणताय, नका मारू. स्क्रू ढिला झालाय कारण त्याच्या भोवतीचं लाकूड गेलंय. लांब मारला तर टोक थोडं पुढच्या लाकडात धरंल, पलंगावर दोन माणसं झोपली की तेपण भोक मोठं होईल. स्क्रूवर वजन कुठल्या दिशेनं यायलंय ते बघून ठरवायचं.

किचनची बिजागरी, कपाटाची दारं, कोयंडा असल्या हलक्या कामाला भोक मोठं करून परत भरायचं. समजा ४ एमएमचा स्क्रू हाय, तर ८ एमएमच्या ड्रिलनं भोक पाडा, पण आरपार नको, फुंकून भुसा काढा, इपॉक्सी आणि भुसा कालवून गच्च भरा आणि दुसऱ्या दिवशी त्यात अडीच-तीन एमएमचं नवीन भोक पाडून तोच स्क्रू पिळा. साबण लावून पिळला तर सरळ जातो. नाहीतर सागाची गोल खुंटी फेविकॉल मरीन लावून ठोकायची, ती वाळल्यावर पातळीत कापायची. काडीपेटीच्या काड्या घालून स्क्रू बसवतात लोक, ते घरातल्या दाराला एकवेळ चालंल. ट्रेलर रस्त्यावर हादरतो ओ, आपले रस्ते तुमाला माहितीच हायत.

पलंगाची लांब बिजागरी मात्र स्क्रूवर सोडूच नका. तिथं आरपार बोल्ट. ५ किंवा ६ एमएमचे स्टेनलेसचे, पलीकडून मोठ्या तोंडाचा वायसर आणि नायलॉकचा नट, म्हणजे ज्याच्या आत निळी नाहीतर पांढरी नायलॉनची रिंग असते तो, हादऱ्यानं सुटत नाही. वायसरपेक्षापण चांगलं म्हणजे पाठीमागं ३ एमएमची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी द्या, सगळे बोल्ट तिच्यातून काढा, वजन लांबपर्यंत वाटलं जातं. सगळे बोल्ट एकदम आवळू नका. आधी सगळे ढिले लावायचे, फळी दोन-चारदा उघडबंद करून बगायची, बिजागरी कुठं अडकत नाही याची खात्री झाली की मधून सुरू करून दोन्ही टोकांकडं आवळत जायचं. टोकाकडून आवळलं की मधे फुगा येतो आणि फळी करकरते.

स्टेनलेसचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा यांची गाठ पडली आणि ओल आली की अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं, पांढरी पावडर दिसंल तुमाला जुन्या बोल्टांजवळ. म्हणून मधे नायलॉनचा वायसर, आणि बोल्टाच्या अंगाला सीलंट लावूनच घालायचा. सीलंटमुळं पाणीपण आत जात नाही.

जॅकचं विचारलंत. ते कोपऱ्यातले जॅक फक्त डुगडुग थांबवायला असतात. गाडी त्यावर उचलायची नसते, चाक बदलायला तर नाहीच. बहुतेक लोक आवळत जातात, चाक उचलंपर्यंत, आणि मग ब्रॅकेट लाकूड घेऊन उपटतो. तुमच्याकडं चासीचा चॅनेल जवळ असंल तर ब्रॅकेट थेट चॅनेलला बोल्ट करा, लाकडाचा संबंधच ठेवू नका. वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची वायर काढा आणि आसपासचं प्लाय, कॅनव्हास लांब करा, पाण्याची बादली शेजारी पाहिजे.

आणि एक, तुमी विचारलं नाही तरी सांगतो. छत वर उचलणारी वायररोप बगा. जाड कापड हातात धरून तिच्यावरून फिरवा, कुठं तार तुटली असंल तर कापड अडकतं. अडकलं तर बदलायचीच, जोडायची नाही. छत वर करून आत काम करताना चारी कोपऱ्यांना पाइपचा टेकू द्यायचाच द्यायचा, त्या वायरच्या भरवशावर कुणीपण आत जायचं नाही. हे लै कळकळीनं सांगायलोय.


माळावरचा_प्रवासी:

माझं मत थोडं वेगळं आहे. एका कोपऱ्यात एवढं दिसतंय म्हणजे बाकी फ्लोअर शाबूत असेल यावर माझा विश्वास नाही. प्लाय जुना आहे, एमआर आहे, मग निम्मा नवीन निम्मा जुना करून काय मिळणार? मी असतो तर पलंग, किचन सगळं काढून आख्खा फ्लोअर बदलला असता, एकदाच काय तो त्रास. १२ एमएमच्या मरीन प्लायची एक शीट साधारण २५ किलोची होते, १८ ची ३७-३८ च्या आसपास, चासीच्या पट्ट्या जवळजवळ असतील तर १२ पुरतो आणि वजनपण वाचतं.

आणि शेतावर उभा होता म्हणताय तर वाळवीपण बघा. चाकांखालून आणि जॅकवरून मातीच्या नळ्या चढल्यात का. वाळवीनं खाल्लेलं लाकूड वरून चांगलं दिसतं आणि वाजवलं की पोकळ वाजतं.


सुतारकीचा_नाद:

माळावरचे, तुमचं म्हणणं तपासायला सोपं आहे की. फ्लोअर खालून बघायचा. दादांनी ट्रेलरखाली झोपून दर वीतभर अंतरावर टोचा मारावा, खडूनं खुणा करत जावं. मऊ खुणा एकाच कोपऱ्यात आल्या तर तेवढंच बदलावं, इकडेतिकडे विखुरल्या तर आख्खा फ्लोअर. चांगला प्लाय उगीच उपटायला मला जिवावर येतं. त्यात एक आहे, पलंगाचे आणि किचनचे सगळे जुने स्क्रू काढले की तेवढी भोकं परत नव्यानं बसवायची आली, आणि दादांकडं जानेवारीपर्यंतच वेळ आहे.

बुरशीवर एक उपाय राहिला. बोरॅक्स आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून वाळलेल्या लाकडाला दोन-तीनदा ब्रशनं पाजायची, बुरशी आणि वाळवी दोन्हींना चालते. नंतर परत पूर्ण वाळवायचं, वर पांढरे कण दिसले तर ब्रशनं झाडायचे नाहीतर इपॉक्सी धरणार नाही. पावसात उघडं राहिलं तर हे धुऊन जातं, म्हणून वर रंग. काळी-हिरवी बुरशी कोरडी खरवडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, आणि तोंडाला एन ९५ मास्क.


कनातवाली:

मी कापडाचं सांगते, आमच्या घरचा तंबू-कनाती शिवायचा धंदा आहे. लाकूड आणि लोखंड सगळे बोलले पण कॅनव्हास कुणी बघितला का? कुबट वास अर्धा तर तिथनंच येत असणार. भाऊ, छत वर करून दोन-तीन दिवस तसंच उघडं ठेवा, कॅनव्हास पूर्ण वाळू द्या, मगच हात लावा. काळे ठिपके दिसले म्हणून कपड्याचा साबण किंवा पावडर लावू नका, कॅनव्हासवर पाणी न धरण्याचं जे औषध मारलेलं असतं ते साबणानं निघून जातं आणि नंतर साबण राहिलेल्या जागी पाणी आणखी झिरपतं. नुसतं साधं पाणी आणि मऊ ब्रश. ठिपके सगळे जाणार नाहीत, डाग राहतात, राहू द्यात. नंतर तंबूच्या कापडाचं वॉटरप्रूफिंग मिळतं ते फवारायचं.

कॅनव्हास जिथं लाकडी फळीला किंवा पट्टीला स्टेपल नाहीतर स्क्रूनं पकडलाय ती पट्टी बघा. कापडानं पाणी खाली ओढून आणलं की ते पहिल्यांदा त्या पट्टीत मुरतं. तुमचा कोपरा तिथनंपण सुरू झालेला असू शकतो.

शिवण उसवली असेल तर घरच्या मशीनवर साध्या पॉलिस्टर दोऱ्यानं घालू नका. आम्ही आत पॉलिस्टर आणि वरून सुती असा दोरा वापरतो, सुती भाग भिजला की फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. म्हणूनच नवीन शिवलेला सुती कॅनव्हास पहिल्यांदा मुद्दाम भिजवून वाळवायचा असतो, पहिल्या पाण्यात शिवणीतून थोडं गळलं तर घाबरायचं नाही. कुणी पीव्हीसीची ताडपत्री लावून देतो म्हणाला तर भिंतींना नको, तिच्यातून हवा खेळत नाही, रात्री चार माणसं आत झोपली की सकाळी आतल्या अंगाला पाणी ठिबकतं आणि ते परत तुमच्या लाकडावरच.


भटका_सोलापूर:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रविवारी भाच्याला आत बसवून पाइपचं केलं. खालच्या निम्म्या उंचीपर्यंत काहीच नाही. मागच्या डाव्या कोपऱ्याला बाहेरून जी अ‍ॅल्युमिनियमची उभी अँगल पट्टी आहे तिच्या वरच्या टोकाला पाणी सोडलं आणि थोड्या वेळात आतून भाचा ओरडला, रांगोळीत बोटभर रुंदीचा ओला पट्टा वरून थेट खालपर्यंत. वरचं सिलिकॉन एका बाजूनं सुटून उभं राहिलंय, नखानं उचललं तर पट्टीसारखं निघालं. आणि खरी गंमत खाली आहे, पत्र्याच्या तळाला जो चॅनेल आहे त्याला पाणी बाहेर जायला छोटी भोकं होती, तीपण सिलिकॉननं बुजवलेली. म्हणजे वरून आलेलं पाणी चॅनेलमधे साचणार आणि फ्लोअरची कड त्यात भिजत बसणार. कड कापून बघितली, तिला रंगाचा थेंबपण नाही, कच्चं लाकूड.

खालून टोचा मारून खडूच्या खुणा केल्या. मऊ फक्त तोच कोपरा आणि तिथून पुढं दाराकडं साधारण एक फूट. बाकी कडक आहे. वाळवी नाही. वायररोपवर कापड एका जागी अडकलं, पुलीच्या जवळ, ती बदलायला सांगितली. कॅनव्हासची पट्टी ठीक आहे.

तर आता फक्त तेवढाच भाग बदलायचं ठरवलंय. दोन शंका राहिल्यात. एक, दाराकडच्या बाजूला कापायच्या रेषेखाली चासीची आडवी पट्टी येत नाही, नऊ-दहा इंच लांब राहते, तिथं जोड कसा द्यायचा? दोन, सिलिकॉन काढून परत काय लावायचं, नवीन सिलिकॉनच का दुसरं काही?


सुतारकीचा_नाद:

फार छान शोधलंत. जोडाचं असं करा, रेषेच्या खालून त्याच प्लायची सहा इंच रुंद पट्टी घ्या, तीन इंच जुन्या फ्लोअरखाली आणि तीन इंच नव्याखाली येईल अशी. इपॉक्सी लावून वरून स्क्रूनं आवळायची. पट्टीची दोन्ही टोकं चासीच्या चॅनेलवर टेकतील एवढी लांब ठेवता आली तर उत्तम. तिरका जोडपण देतात, जाडीच्या आठपट लांब उतार करून, पण गाडीखाली झोपून तो नीट रंधायला पक्का हात लागतो, इथं गरज नाही. एकच, पट्टीच्या वरच्या कडेला खालून सीलंट द्या, चाकाचं पाणी उडून तिथं खाचेत बसायला नको. सगळं वाळल्यावर फ्लोअरच्या खालच्या अंगाला काळा बिटुमेन रंग मारलात तरी चालेल. आतून मात्र व्हिनाइल किंवा रेग्झिन चिकटवायची घाई करू नका, एक महिना उघडं राहू द्या.

इपॉक्सी संध्याकाळी कालवा आणि थोडं थोडं कालवा, दुपारच्या उन्हात डब्यातच तापून घट्ट होतं.


चिंचोळी_बॉडीबिल्डर:

सिलिकॉन परत नको मालक. त्याच्यावर रंग बसत नाही, आणि एकदा लागलेल्या जागेवर दुसरं काही चिकटतपण नाही, म्हणून जुनं काढताना कणभर ठेवू नका. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, पत्र्यावर ओरखडे नको, मग सिलिकॉन काढायचं लिक्विड मिळतं ते लावून पुसा, शेवटी स्पिरिटनं दोन-तीनदा, प्रत्येक वेळी नवीन फडकं. पाण्याचा थेंब टाकून बगा, थेंब गोळा होऊन पळायला लागला तर अजून सिलिकॉन हाय.

ती उभी अँगल पट्टी आख्खी काढा, नुसतं वरून फासू नका. पट्टीच्या खाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरासारखी पट्टी, ती कायम मऊ राहते त्यामुळं हादऱ्यानं फाटत नाही, आणि पट्टी बसवून आवळल्यावर बाहेरच्या कडेला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट, बसच्या काचा-पत्र्याला वापरतो तेच. टेप आवळल्यावर दोन दिवसांनी थोडी बाहेर येते, ती कापायची आणि स्क्रू परत एकदा आवळायचे. खालच्या चॅनेलची भोकं ६ एमएमच्या ड्रिलनं मोकळी करा आणि तिथं काय म्हणून काय लावू नका, आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट पाहिजे.

काम झाल्यावर हंपीला जायच्या आधी एकदा रिकामा कॅम्पर घेऊन तुळजापूरपर्यंत जाऊन या, आल्यावर बिजागरीचे आणि जॅकचे सगळे नट पान्यानं बगा. नवीन लाकडात वायसर पहिल्यांदा थोडा दबतोच, तेवढं आवळलं की बसतं.


भटका_सोलापूर:

समजलं. ब्युटाइल टेप आणि पीयू सीलंट दोन्ही अक्कलकोट रोडला मिळायलंय, फोन करून विचारलं. सुतारालाही ही सगळी चर्चा वाचून दाखवली, तो लगेच तयार झाला, म्हणाला कापायच्या दिवशी तुम्ही खडूच्या खुणा दाखवा, बाकी मी बघतो. उद्यापासून फॅन लावून वाळवायला सुरू करतो आणि तुकड्याचं रोजचं वजन इथंच टाकत जातो.


कनातवाली:

टाका की. आणि भाऊ, पुढच्या पावसाळ्यात शेडमधे उभा करताना पुढचं टोक थोडं खाली ठेवा म्हणजे छतावरचं पाणी एका बाजूला उतरेल, आणि उघडीप मिळाली की दर महिन्याला अर्धा दिवस उघडून वारं लागू द्या. ओला कॅनव्हास एक रात्रीच्या वर घडी घालून ठेवायचा नाही, प्रवासात भिजलाच तर घरी आल्याआल्या आधी तोच उघडायचा.